ठरवून चुकलेली वाट

विमान चालवण्याच्या परीक्षेत कॅप्टन गुप्त्यांच्या हातून पास होणारा विरळाच. जुईलीच्या परीक्षेला हवा इतकी धुरकट होती की नदीकाठची धावपट्टी लांबून दिसणं शक्यच नव्हतं. तरी तिने विमान सरळ धावपट्टीच्या रोखाने न नेता थोडं डावीकडे धरलं.

गुप्ते खेकसले, "शाळकरी पोरांनाही सरळ रेघ मारता येते. दिशा चुकली, तू नापास."

"नदी येईपर्यंत थांबा, सर."

नदी आली, पण धावपट्टीचा पत्ता नव्हता.

"शोध आता," गुप्ते म्हणाले.

जुईलीने क्षणभरही न घुटमळता विमान उजवीकडे नदीच्या कडेने वळवलं. थोड्याच वेळात धावपट्टी समोर आली.

"उजवीकडेच वळायचं, हे कशावरून?"

"सरळ येताना चुकले असते, तर कुठल्या बाजूला चुकले ते कळलं नसतं, सर. म्हणून चुकायची बाजू मी निघतानाच ठरवली."