चार नायक आणि एक भेग

साता समुद्रापलीकडे एक अफाट रान आहे. त्या रानात राजा नाही. सगळ्या रानाचा मिळून एक थोरला नायक, तो उंच कड्यावर बसतो; आणि खोऱ्याखोऱ्याला आपापला एक धाकटा नायक. नायक निवडून द्यायचे, त्यांना शपथ घ्यायला लावायची आणि मुदत संपली की हात जोडून घरी पाठवायचे. ऐकायला किती छान वाटतं, नाही का मुलांनो? मलाही छान वाटतं. पण नुसती रीत चांगली असून भागत नाही, आणि तेच सांगायला मी आज बसलो आहे. गोष्ट हसण्याची नाही, आधीच सांगून ठेवतो.

त्या रानातल्या एका खोऱ्यात एक बीव्हर राहायचा. बीव्हर आपल्याकडे नसतो. घुशीपेक्षा चांगला मोठा, शेपटी चपटी आणि दात असे की उभं झाड कुरतडून आडवं करील. नदीवर लाकडांचा बांध घालणं हे त्याचं पिढीजात काम. या बीव्हरच्या आज्यानं घातलेला बांध होता, त्याच्यामागे मोठं तळं साठलं होतं आणि बांधाच्या खाली, सपाट माळावर, सशांची वस्ती होती. त्यातलं बांधाला सगळ्यात जवळचं बीळ एका सशिणीचं. नवरा घारीनं नेलेला, पदरात पाच पिल्लं.

त्या वर्षी वसंतात बर्फ वितळलं, तळं तुडुंब भरलं आणि बांधाला मधोमध एक भेग पडली. बीव्हरनं पाण्यात बुडी मारून आतून पाहिलं. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

तो सशिणीला म्हणाला, "ताई, यंदाचं निभावलं. पुढच्या वसंताचं पाणी हा बांध सोसणार नाही. काठावरची चाळीस वाळुंजाची झाडं पाडून घातली, तरच तो टिकेल. नाही तर तुझी पिल्लं वाहून जातील."

"अगं बाई!" सशीण घाबरली. "मग पाडा ना दादा, वाट कसली बघताय?"

"नायकाचं नख नको का झाडावर?"

तर अशी तिथली रीत होती. झाड तोडायचं तर धाकट्या नायकानं आधी त्याच्या सालीवर नख ओढायचं. नख नसलेलं झाड पाडलं तर खोऱ्यातून हकालपट्टी. आणि दुसरी रीत त्याहून और! नवा नायक आला की पहिल्या दिवशी त्यानं जुन्या नायकाची सगळी नखं खरवडून काढायची. कामं चांगली होती की वाईट, हे बघायचंच नाही. नवी विटी नवं राज्य! साल सोलली जाताना सगळं खोरं टाळ्या वाजवायचं.

तेव्हा धाकटा नायक होता अस्वल. तसा मनानं चांगला. बीव्हरचं म्हणणं ऐकून तो स्वतः काठावर आला आणि चाळीसच्या चाळीस झाडांवर त्यानं नख ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बीव्हर पहिल्या झाडाला दात लावतो न लावतो, तोच कावळा बातमी घेऊन आला. कड्यावरचा थोरला नायक, म्हातारा गवा, बसल्या जागी गेला होता.

रानभर तेरा दिवस काम बंद. तेराव्या दिवशी कड्यावरच्या पंचांनी नवा थोरला नायक निवडला, आणि तो कोण? आपलंच अस्वल! खोऱ्याला कोण आनंद झाला. सशीण तर पिल्लांना पाठीवर घेऊन नाचली. "आता काय बाई, आपलाच माणूस वर बसला!" असं ज्याला त्याला सांगत सुटली.

अस्वल वर गेलं तशी खोऱ्यातली जागा त्याच्या दुय्यमाला मिळाली. दुय्यम होता कोल्हा. त्यानं शपथ घेतली, लगेच काठावर गेला आणि अस्वलाची चाळीस नखं टराटरा खरवडून काढली. बीव्हर बघतच राहिला.

"अहो नायक, ही तर बांधाची झाडं! आता तुमचं नख तरी ओढा."

कोल्हा गोड हसला. "बीव्हरराव, काम लाखमोलाचं आहे, प्रश्नच नाही. पण मी पडलो हंगामी. निवडणूक होईस्तोवर जागा सांभाळायची, एवढंच माझ्याकडे. हंगामी नायकानं खरवडायचं असतं, ओढायचं नसतं. रीत आहे ना!"

उन्हाळा असा गेला. बीव्हर रोज भेग बघून यायचा. आधी तीत त्याचं बोट जायचं, मग अख्खा पंजा जाऊ लागला.

"ताई, माझं ऐक," तो एकदा सशिणीला म्हणाला. "जमीन अजून मऊ आहे. वरच्या टेकाडावर नवं बीळ खण आणि बिऱ्हाड हलव."

"दोन महिन्यांचं काम ते, दादा, आणि मी एकटी. आता पानगळीत निवडणूक आहेच की. सांबर उभं आहे. काय बोलतं हो! परवा म्हणालं, 'मी आधी बांध, मग बाकीचं.' माझ्या पिल्लांच्या डोक्यावरून हात फिरवला त्यानं."

मुलांनो, आशा फार चिवट असते, आणि त्यात सशिणीचा दोष काय म्हणायचा? तिला तर झोपताना रोज त्या पाण्याचा आवाज ऐकू यायचा. कुणीतरी करील असं मानल्याशिवाय तिला झोप लागली नसती.

सांबर निवडून आलं. दणक्यात आलं. नव्याचे नऊ दिवस हारतुरे झाले. दहाव्या दिवशी ते काठावर आलं, नखाऐवजी शिंग झाडाला लावणार, इतक्यात त्याचा कारभारी बोलला, "सरकार, नदी वरच्या खोऱ्यातून येते. दोन खोऱ्यांची नदी म्हणजे थोरल्या नायकांचा होकार लागतो. नाहीतर उद्या वरचे लोक बोंब मारतील."

"बरोबर आहे," सांबर म्हणालं. "बीव्हर, तू कड्यावर जाऊन होकार घेऊन ये. मी इथे शिंग परजून बसलोच आहे."

आता एवढ्याशा पायांचा तो बीव्हर! पाण्यात पोहेल, पण बर्फातून चालायचं म्हणजे त्याच्या जिवावर येणार. तरी तो निघाला. अठरा दिवस चालला. कड्यावर पोचला तेव्हा पायांची कातडी सोलवटली होती. पाहतो तर थोरला नायक गाढ झोपलेला! अस्वल थंडीत झोपतं, हे निवडताना एकाही पंचाच्या ध्यानात आलं नव्हतं. खोऱ्यात असताना त्याचं थंडीतलं काम कोल्हा बघायचा, त्यामुळे ते कधी उघडं पडलंच नव्हतं.

बीव्हरनं त्याला हलवलं. ओरडला. शेवटी अस्वलानं एक डोळा उघडला.

"नायक, आपला बांध! तुम्हीच नखं ओढली होतीत, चाळीस झाडांवर. आठवतंय?"

"कुठला बांध?" अस्वल म्हणालं आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागलं.

बीव्हर तिथेच बसून रडला. कुणी पाहिलं नाही. मग उठला आणि आल्या वाटेनं परत निघाला.

खोऱ्यात पोचतो तर सांबर गायब. सगळ्या खोऱ्यासाठी राखून ठेवलेल्या गवताच्या गंजीत सांबराच्या सासुरवाडीची मंडळी चरताना सापडली होती. पोरासोरांच्या तोंडचं गवत! मोठा गदारोळ झाला आणि सांबरानं जागा सोडली. आता रानमांजर निवडून आलं होतं. त्याची शपथ खोऱ्यातलं बर्फ वितळल्यावर व्हायची होती, आणि शपथेआधी नायकानं काहीच करायचं नाही, ही आणखी एक रीत. किती रीती होत्या त्या खोऱ्यात! नव्हती ती फक्त भेग बुजवण्याची.

जमीन दगडासारखी गोठलेली होती. सशिणीनं टेकाडावर जाऊन खणून पाहिलं, तर नखं तुटली आणि पंजाला रक्त आलं. ती बीव्हरला म्हणाली, "आता इलाज नाही, दादा. मांजरच काय ते करील. मी समोर उभी राहून त्याला सांगणार आहे. पहिल्या रांगेत उभी राहणार, म्हणजे त्याला मला टाळता यायचं नाही."

शपथेचा दिवस उजाडला. ऊन असं कडक पडलं की डोंगरावरचं बर्फ सकाळपासूनच वाहू लागलं. पिल्लांना सर्दी झाली होती, म्हणून सशिणीनं त्यांना बिळात निजवलं, बिळाच्या तोंडाशी गवत लावलं आणि म्हणाली, "हलू नका हं. मी आलेच. आज आपलं काम करूनच येते." आणि ती शपथेच्या जागी, वरच्या कुरणावर गेली. बाकीची वस्ती पोराबाळांसह आधीच तिथे होती.

इकडे बीव्हरनं भेगेतून पाणी उडताना पाहिलं. तो जिवाच्या आकांतानं कुरणावर धावला. तिथे ही गर्दी! घोषणा, टाळ्या, ढोल. तो मागून ओरडला, "बांध फुटतोय! अहो, बांध फुटतोय!" जवळच्या दोघा-चौघांनी ऐकलं. एक रानडुक्कर वळून म्हणालं, "शूऽऽ! शपथ चालू आहे. झाली की सांग."

सशीण पहिल्या रांगेत होती. तिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही.

बीव्हर उलटा धावला. काठावर आला आणि त्यानं नख नसलेल्या झाडाला दात लावले. आयुष्यात पहिल्यांदा! झाड पाडलं, पाण्यात लोटलं. दुसरं पाडलं. तिसऱ्याला दात लावले तेव्हा पायाखाली जमीन थरथरली. मोठा आवाज झाला आणि आज्याचा बांध मधोमध उघडला.

माळावर पाणी किती वेळ होतं? फार नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत ओसरलंही. पण बिळांना तेवढं पुष्कळ झालं. गर्दी कुरणावरून परत आली तेव्हा माळावर नुसता चिखल होता. सशीण आपलं बीळ कुठे होतं तेच शोधत राहिली. जागा सापडली, तेव्हा तिनं दोन्ही पंजांनी चिखल उपसायला घेतला. सगळे उभे राहून बघत होते. पाचवं पिल्लू सापडेपर्यंत ती थांबली नाही.

रानमांजर घाईघाईनं आलं. त्याचा चेहराही पडला होता, खोटं कशाला सांगू. त्यानं काठावर जाऊन चाळीस झाडांवर एका दमात नखं ओढली आणि जाहीर केलं, "आजच्या आज बांध दुरुस्त करा!" बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! गर्दीनं सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं आणि टाळ्या थांबल्या.

एकेक करून सगळे पांगले. राहिले दोघंच. बीव्हर चिखलात खाली मान घालून बसला.

"ताई, दात माझेच होते," तो म्हणाला. "वर्षभर माझ्या तोंडात होते. हकालपट्टी झाली असती, तर झाली असती. मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही."

सशिणीनं पाचही पिल्लं ओळीनं निजवली होती आणि एकेकाच्या कानातला चिखल ती चाटून काढत होती.

मग ती म्हणाली, "त्यांनी मला हाक मारली असेल का हो, दादा? मारलीच असेल. पण मला ऐकू कुठून येणार? मी टाळ्या वाजवत होते."

तात्पर्य : नायक बदलला म्हणजे संकट टळलं असं नाही. गादीवर कोण आलं हे बघण्याआधी गेलेल्याचं कोणतं काम अर्धं राहिलं ते बघावं. आणि पाणी दाराशी आलं असेल, तर कुणाच्या हुकमाची वाट न पाहता आपल्या हातांनी जेवढं होईल तेवढं करावं.