लेबल नसलेले साहेब

आंबेखळ्याच्या माळावर इंजिनीयरिंगचं कॉलेज उभं राहिलं, आणि गावात सोनबा नावाचा जो एक भोळा माणूस होता, त्याला तिथे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली.

सोनबा कामाला वाघ होता. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. सांगितलं तेवढंच केलं, हीच काय ती अडचण.

प्रयोगशाळा चौबळ बाईंची. विद्यापीठाची समिती महिनाभरात यायची होती. तिने पसंती दिली तर प्रयोगशाळा चालू राहणार, नाहीतर पोरांना प्रयोगासाठी तालुक्याला जावं लागणार. बाईंची झोप उडाली होती. त्यांनी सोनबाला जवळ बसवून सगळं समजावलं. सोनबाला एवढंच कळलं की बाईंची अब्रू आता आपल्या हातात आहे.

पहिल्याच दिवशी त्याने लोखंडाच्या पट्ट्या धुतल्या आणि ओल्याच एकावर एक रचून ठेवल्या. दोन दिवसांनी त्या तांबड्यालाल.

बाई म्हणाल्या, "अहो सोनबा, हा गंज. ओलं ठेवलं की गंजणारच. धुतलं की पुसायचं, आणि वर तेलाचा हात फिरवून ठेवायचं."

"जी बाई. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे धुवायला ब्युरेटी आल्या. ब्युरेट म्हणजे काचेची लांब नळी, खाली तोटी, अंगावर आकडे. सोनबाने साठही नळ्या धुतल्या, पुसल्या, आणि काडीला चिंधी बांधून आतून-बाहेरून गोडं तेल लावलं. तेल त्याने घरचंच आणलं होतं.

त्या दिवशी पोरं पाण्याचा कठीणपणा मोजत होती. नळीतला द्राव थेंबाथेंबाने भिंतीलाच चिकटून बसला. साठ पोरांची साठ उत्तरं आली. एकाच्या हिशेबाने कॉलेजच्या विहिरीचं पाणी दगडापेक्षा कठीण होतं. दोन नळ्या हातातून निसटून फुटल्या.

"अहो, काचेला कुठे गंज चढतो?" बाईंनी कपाळाला हात लावला. "प्रयोगाच्या सामानाला तेल लावत नाहीत. वापरायच्या आधी शुद्ध पाण्याने तीनदा विसळायचं. एकदा नाही, दोनदा नाही. तीनदा."

"जी बाई. तीनदा."

त्याच आठवड्यात प्रयोगासाठी सिमेंटचं पोतं आलं. सिमेंट किती वेळात घट्ट होतं, हे पोरांना बघायचं होतं. बाई वर्गात होत्या. सोनबाने पोत्याचं तोंड सोडलं आणि आत तीन बादल्या पाणी ओतलं. प्रत्येक बादलीनंतर पोतं हलवलं. विसळायचं म्हणजे नीट विसळायचं.

सिमेंट किती वेळात घट्ट होतं ते सगळ्यांनीच पाहिलं. पोतं दगड झालं. चौघांनी ते लोटत लोटत बाहेर नेलं आणि कडुनिंबाखाली ठेवलं. पोरांना बसायला बरं झालं.

बाई म्हणाल्या, "सोनबा, काही वस्तूंना पाणी सोडा, हवासुद्धा लागू द्यायची नसते. उघडं दिसलं की घट्ट बंद करायचं."

"जी बाई. उघडं ठेवणारच नाही."

आणि सोनबाने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी बाईंनी एका बाटलीत चुनखडीच्या खड्यांवर आम्ल ओतलं. त्यातून वायू निघतो, तो पोरांना दाखवायचा होता. तेवढ्यात प्राचार्यांचं बोलावणं आलं. बाई बाहेर पडल्या आणि सोनबाला उघडी बाटली दिसली. त्याने बूच ठोकलं. बूच वर यायला लागलं, तर त्याने ते अंगठ्याने दाबून धरलं. आतली वस्तू भलतीच हट्टी आहे, असं त्याला वाटलं. अंगठा दमला तेव्हा त्याने हात काढला. बूच छताला लागून भिंतीवरच्या घड्याळावर आदळलं. घड्याळ सव्वाअकरावर थांबलं.

बाईंनी आधी त्याचे डोळे पाहिले, हात पाहिले. माणूस शाबूत होता. मग मात्र त्यांचा आवाज कापला.

"सोनबा, आज तुम्हाला काही झालं असतं तर? आत वायू निघत असला की तो बुचाला धडका देणारच. आत काय आहे हे माहीत नसताना हात लावायचा नाही. आधी लेबल वाचायचं. लेबल नसेल तर ते विषारी समजायचं. रबरी हातमोजे घालायचे, ते मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवायचं, बाहेरून कडी लावायची आणि दारावर चिठ्ठी लावायची. एवढं एक ध्यानात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

बाई आपल्यासाठी इतक्या हळव्या झाल्या, हे पाहून सोनबाचे डोळे भरून आले. घरी जाताना तो वाटभर पुटपुटत होता. लेबल. हातमोजे. शेड. कडी. चिठ्ठी.

समितीचा दिवस उजाडला. प्रयोगशाळा आरशासारखी लखलखत होती. सोनबा दारात उभा. तीन साहेब आले. दोघांच्या छातीवर नावाचं कार्ड होतं. सोनबाने ती दोन्ही वाचली आणि त्यांना आत सोडलं. तिसरे साहेब जाडजूड, तांबूस चेहऱ्याचे, प्रवासाने धापा टाकणारे. त्यांचं कार्ड गाडीतच राहिलं होतं.

सोनबाने त्यांना पुढून पाहिलं. मागून पाहिलं. मग खिशातून रबरी हातमोजे काढून घातले.

"साहेब, आधी इकडून," तो अदबीने म्हणाला.

साहेबांना वाटलं, सुरक्षेची व्यवस्था दाखवतोय. हातमोजे पाहून ते खूशही झाले आणि त्याच्या मागोमाग गेले.

आत बाईंनी अर्धा तास सगळं दाखवलं. दोन्ही साहेब माना डोलवत होते. शेवटी सहीचा कागद पुढे आला, तेव्हा त्यातला एक म्हणाला, "सही अध्यक्षांची लागेल. कुठे राहिले ते?"

बाईंनी सोनबाकडे पाहिलं. सोनबाच्या हातात अजून हातमोजे होते. बाई तशाच मागच्या शेडकडे धावल्या. साहेब त्यांच्या मागे, सोनबा सगळ्यांच्या मागे.

शेडला बाहेरून कडी होती. दारावर सोनबाच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी होती: 'आत काय आहे माहीत नाही. विषारी असावे.'

आतून दार धडाधड वाजत होतं.

बाईंनी कडीला हात घातला, तसा सोनबा धावत आडवा आला.

"बाई, मागे व्हा," तो कळकळीने म्हणाला. "अजून आत वायू निघतोय."