मुकी गाडी

"उस्ताद, इंजिन हूं की चूं करत नाही, मग खोट असेल कुठे?"

इनायत उस्ताद फडक्याने पाना पुसत बसले...

विचारणारा शिवदास. याच गॅरेजात शिकला आणि इथूनच फणफणत निघून गेला. "तुमच्या हातची गाडी टिकटिक करते, माझ्या हातची करत नाही," असं उस्तादांना तोंडावर म्हणाला होता. माझी चहाची टपरी समोरच, या कानांनी ऐकलं मी. तेव्हाच मेल्याचा कान पिळावासा वाटला होता.

नाक्यापलीकडे त्याने स्वतःचं दुचाकीचं गॅरेज टाकलं. शिवदासच्या हातची गाडी मुकी, असं लोक म्हणायला लागले. झालं, स्वारी हवेत!

आणि गेल्या सोमवारी त्याची स्वतःचीच मुकी गाडी घाटात बंद पडली. मागे तात्या, त्याचे वडील. घाटावरच्या दवाखान्यात डायलिसिसला चालले होते. इंजिन गार होईस्तोवर म्हातारा कठड्यावर बसून राहिला. पोचले तेव्हा पाळी हुकली होती. नंतर तात्यांचे पाय कसे सुजले, ते सगळ्या नाक्याने पाहिलं.

आज पुन्हा जायचं होतं. आजही हुकलं तर काय, हे कुणी बोलत नव्हतं.

काल संध्याकाळी शिवदास खाली मान घालून गाडी घेऊन आला. उस्ताद एवढंच म्हणाले, "ठेव. रात्रभर गार होऊ दे. तापल्या इंजिनाचे टॅपेट मी बघत नाही."

आता सकाळ झाली होती. तात्या माझ्या बाकावर टोपी घालून तयार. मी चहा घेऊन गॅरेजात गेले.

उस्तादांनी इंजिनाचं झाकण काढलं. व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली झडप, आणि त्याला दाबणारा टॅपेट, यांच्या मधे फट मोजायची पातळ पत्ती सरकवून पाहिली. जाईना.

"फट कुठाय रे?"

"ठेवलीच नाही." सुंभ जळला तरी पीळ होताच. "फट असली की टॅपेट वाजतो. केसभर ठेवली नाही, म्हणून तर आवाज नाही!"

"सुरू होते?"

"गार असली की अर्ध्या किकला."

"आणि तापली की?"

"तापली की..." शिवदासने बाहेर तात्यांकडे पाहिलं. "ओढत नाही. मरते. मग किक मारून पाय मोडला तरी उठत नाही."

उस्ताद उठले. गॅरेजचं लाकडी दार आतून ओढून घेतलं. दार आणि चौकटीच्या मधून उन्हाची रेघ आत आली.

"हे दार कुणी तासलं?"

"मीच. तुम्हीच सांगितलं होतं. पावसात फुगायचं, मग लागायचं नाही. कुत्री शिरायची."

"आता उन्हाळा आहे. फट दिसते. पट्टी ठोकून बुजव."

"बुजवून कसं चालेल? पावसात फुगलं की परत..."

त्याने दाराकडे बघितलं. मग इंजिनाकडे.

"व्हॉल्व्ह तापून लांबतो..." तो हळूच म्हणाला. "बंदच होत नव्हता. सगळा जोर तिथूनच गळत होता."

आणि फाडकन कपाळावर हात मारला. उस्तादांनी पत्ती त्याच्या हातात दिली. फट त्यालाच ठेवायला लावली.

किक मारली. टिक टिक टिक... शिवदासचं तोंड कारल्यासारखं झालं.

"निघा," उस्ताद म्हणाले.

गेले दोघं बापलेक. माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. उस्ताद दुसऱ्याच गाडीचं चाक उगाच फिरवत होते. चहा तसाच गार होत होता.

फोन वाजला. उस्तादांनी स्पीकर लावला.

"उस्ताद, चढली! त्या दिवशीच्याच वळणावर मुद्दाम बंद करून बघितली. एका किकला उठली!"

मागून तात्या ओरडले, "पाळी मिळाली म्हणावं! आत घेतायत मला!"

सुटले गं बाई! मी तिथेच टायरवर बसकण मारली. डोळे पुसले, लाज कसली? उस्तादांनी गार चहा एका घोटात संपवला.

"पण उस्ताद..." फोनवर शिवदास घुटमळला. "ती टिकटिक अजून येतेय."

"येऊ दे. दार लागल्याचा आवाज आहे तो."