चोचीत धागा धरलेला पाहुणा

एका तळ्याकाठच्या रानात एक कावळा राहत असे. रोज सकाळी सावरीच्या शेंड्यावर बसून तो रानभरच्या बातम्या सांगे. कुठे फळे पिकली, कुठे पारधी दिसला, कोणाचे कोणाशी वाजले, सगळे त्याला ठाऊक! त्याचे ऐकल्याशिवाय ससा झुडपाबाहेर पडत नसे आणि हरणे पाण्यावर येत नसत. ऐकणारे जितके जास्त जमत, तितका कावळा फुगत असे.

त्या वर्षी डोंगरापलीकडे वणवा लागला आणि तिथले सुगरण पक्षी घरदार गमावून या रानात आले. तळ्यावर वाकलेल्या एका बाभळीवर त्यांनी घरटी विणायला घेतली. मुलांनो, कावळा ओरडला की पाहुणे येतात, असे म्हणतात ना? इथे पाहुणे आधी आले आणि कावळा मागून ओरडला. "रानात नवे पक्षी आलेत हो!" कोणी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "नवे पक्षी आपल्या तळ्यातला चिखल उचलून नेतात!" तेव्हा सगळ्यांनी कान टवकारले. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितले, "असाच चिखल जात राहिला तर तळ्याचा काठ फुटेल आणि पाणी वाहून जाईल!" मग काय विचारता! सावरीखाली उभे राहायला जागा उरली नाही.

खोटे कशाला बोला, कावळा एकदा चौकशीला गेलाही होता. "काय रे, चिखल कशाला नेता?" त्याने विचारले. पण तो सुगरण पक्षी नेमका गवताच्या धाग्याची गाठ मारत होता. त्यांच्यात रीतच अशी, की गाठ पुरी होईपर्यंत चोच उघडायची नाही. उघडली की धागा निसटतो आणि विणलेले उसवते. बिचाऱ्याने मानेनेच 'जरा थांबा' म्हणून खुणावले. थांबायला वेळ कोणाला? कावळा सावरीवर परतला आणि ओरडला, "विचारले तर गप्प बसतात! चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय?"

झाले! रानाची सभा भरली. "बाभळीची फांदी मोडा, म्हणजे जातील आपले आपण," असे ठरले आणि ते काम वानराकडे आले. वानर दुष्ट नव्हता, पण डोक्याने तापट होता. तो तरातरा निघाला. त्याच्या मागे सारे रान निघाले आणि ही बातमी चुकायला नको म्हणून कावळाही निघाला.

बाभळीवरच्या एका घरट्यात सुगरणीने नुकतीच अंडी घातली होती. तिचा नर बाहेर लटकून घरट्याचे दार विणत होता. वानराने फांदीला हात घातला आणि घरटे गदागदा हलले. सुगरण आतून कळवळून ओरडली, "अहो, आता तरी तोंड उघडा! पोरं पाण्यात जातील!"

नराच्या चोचीत अर्धी गाठ होती. जन्मात त्याने अर्धी गाठ सोडली नव्हती. आज सोडली. विणत आणलेले दार उसवून पाण्यात पडले, आणि तो म्हणाला, "वानरदादा, थांबा! आमचं झाड वणव्यात जळालं, म्हणून इथे आलो. वाऱ्यात घरटं फार हेलकावू नये म्हणून आत ओल्या चिखलाचा गोळा लावतो. चोरी नाही हो ती! बघा की डोकावून, आत माझी अंडी आहेत."

वानराने डोकावून पाहिले. आत बोराएवढा चिखल होता आणि पांढरीशुभ्र अंडी होती. "एवढासाच?" तो म्हणाला. सगळे एकमेकांची तोंडे पाहू लागले. रानडुक्कर नुकतेच तळ्यात लोळून आले होते. साऱ्या बाभळीला पुरेल एवढा चिखल त्याच्याच अंगावर होता. ते मागच्या मागे सटकले.

वानराने फांदी सोडली आणि तो कावळ्याकडे वळला. "हे तू आम्हांला का नाही सांगितलंस?"

"तो बोललाच नाही."

"मग थांबायचं होतंस!"

"थांबलो असतो तर ऐकणारे निघून गेले असते," कावळा पुटपुटला. बोलला खरा, पण त्याची त्यालाच लाज वाटली. फांदी मोडली असती तर ती अंडी आपल्या जिभेने बुडवली असती, हे त्याला कळून चुकले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आले तरी सावरीचा शेंडा रिकामाच. कावळा बाभळीवर बसला होता. नर नव्याने दार विणत होता आणि कावळा चुळबुळत का होईना, पण थांबला होता. गाठ पुरी झाल्यावर तो म्हणाला, "चला भाऊ, तुमची बातमी आज तुम्हीच सांगा." सावरीच्या शेंड्यावर त्याने सरकून जागा दिली. सुगरण पक्ष्याने वणव्याची, जळलेल्या घरट्यांची आणि डोंगर ओलांडून आल्याची सगळी हकिगत सांगितली. ऐकता ऐकता हरणीचे डोळे भरून आले. वानर म्हणाला, "आमच्या बाजूला लांब पात्यांचं गवत आहे. हवं तेवढं न्या."

त्या रानात बातमी आता जरा उशिराच येते. काही जण कुरकुरतात, कुरकुरोत बापडे. बाभळीवरची अंडी फुटली, पिले उडायला शिकली, आणि कोणी विचारले तर ती ठणकावून सांगतात, "आम्ही याच रानातले!"

तात्पर्य : दुसऱ्याविषयी चार शब्द सांगण्याआधी त्याचे चार शब्द ऐकून घ्यावेत, आणि त्याला बोलायला वेळ लागला, तर आपण थांबावे.