खरतुंडाचा निरोप

जिथे नदी समुद्राला मिळते तिथे, पूर्वी खरतुंड नावाचा मरळ मासा गोड्या पाण्यावर राज्य करीत असताना, बोधिसत्त्व पाणगोगलगायीच्या जन्माला आला होता. पाणी गोडे असो की खारे, त्याला दोन्ही मानवत असे.

एकदा भरतीबरोबर समुद्राचा राजा लवणक रावस वर आला आणि सगळ्यांसमक्ष खरतुंडाला 'सापतोंड्या' म्हणून गेला. खरतुंडाच्या अंगाची लाही लाही झाली. आपले तोंड सापासारखे आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून तर जास्तच झोंबले. त्याने बोधिसत्त्वाला बोलावून घेतले.

"जा, त्या खारट, बुळबुळीत, डोळेफुटक्या रावसाला सांग, पौर्णिमेला माझी सेना समुद्रात उतरते आहे!"

"महाराज, खाऱ्या पाण्यात आपली सेना लढण्याआधीच उलटी तरंगेल."

"तुला अक्कल विचारली का? निरोप पोचव."

"पोचवतो. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही."

दुसऱ्या दिवशी राजा पाहायला गेला, तर दूत दोन दगडांपलीकडे.

"अजून इथेच?"

"चालतोच आहे, महाराज. निरोप पुन्हा एकदा सांगता? शब्द चुकायला नको."

खरतुंडाने सांगितला. पण 'डोळेफुटका' जरा अतीच वाटले. लवणकाचे डोळे तसे चांगले होते. तेवढे त्याने गाळायला लावले. तिसऱ्या दिवशी 'बुळबुळीत' ऐकून एक कोळंबी फिस्सकन हसली, कारण राजाही काही कोरडा नव्हता. तेही गेले. चौथ्या दिवशी त्याचे त्यालाच वाटले, समुद्रातला मासा खारट नसेल तर काय असेल?

पाचव्या दिवशी त्याची पिले मागोमाग आली होती. 'सेना' म्हणताना त्याची नजर त्यांच्यावर गेली. पहिल्या रांगेत तीच असणार होती. त्याने सेनाही गाळायला लावली.

"मग निरोप काय, महाराज?"

"सांग, मला फार लागलं."

बोधिसत्त्वाने समुद्रात जाऊन तेवढेच सांगितले. शिव्यांच्या तयारीने बसलेला लवणक ओशाळला.

"मी गंमत केली रे! माझ्यातर्फे माफी माग म्हणून तुला परत पाठवलं असतं, पण तू पोचेपर्यंत तो म्हातारा होईल. मीच जातो."

कथा संपवून शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, समोर फुगून बसलेल्या दोन भिक्षूंकडे पाहिले. "तेव्हाचा लवणक हा, खरतुंड हा आणि गोगलगाय मी. कोळंबी मागे बसून अजून हसतेच आहे. क्षांती, म्हणजे सहनशीलता, म्हणतात ती हीच. बरं, तुमची तक्रार काय होती? पुन्हा एकदा सांगा, शब्द चुकायला नको."