चार कैच्या, चार मेहुणे

एकदा एका पेठेच्या गावी एका शेठने सभामंडप बांधायला काढला. छपराचे काम एका वृद्ध सुताराकडे होते. छपराचा भार भिंतींवर नेणारा लाकडांचा जो तिकोनी सांगाडा असतो, त्याला सुतार कैची म्हणतात. मंडपाला अशा चार कैच्या होत्या आणि चारही वृद्धाच्या शिष्याने एकट्याने जुळवल्या होत्या. त्याआधी सात वर्षे त्याने नुसता रंधा मारला होता. आता कौले चढून महिना झाला होता, एक वादळ येऊन हात हलवत परत गेले होते, आणि शिष्याची मान त्याच्या कैच्यांहून ताठ झाली होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेठ आले. पाहुणे आत शिरताच त्यांच्यावर वरून फुले पडावीत, अशी त्यांची इच्छा होती. टाकायला मेहुणे होतेच. मेहुणे चार आणि कैच्याही चार. शेठना यात ईश्वरी संकेत दिसला.

"काय रे, वर माणूस पेलेल ना?" त्यांनी शिष्याला विचारले. "एवढं जमलं, तर वखारीचं छप्परही तुझंच."

शिष्याने मनात वजने मांडली. एका कैचीवर पाचशे कौले, म्हणजे तीसेक मण. मेहुणे कितीही खात्यापित्या घरचे असले, तरी अडीच मणांपलीकडे जाणार नव्हते.

"हत्ती बसवा, शेठजी!"

"नाही पेलणार," मागून वृद्ध म्हणाला.

शिष्याच्या कानशिलांत रक्त चढले. सात वर्षांची विद्या आणि वखारीचे छप्पर, दोन्ही दोन शब्दांत गेली.

शेठही हबकले. "मिस्त्री, चेल्याचं काम कच्चं आहे की काय? उद्या याखाली सारं गाव बसायचंय!"

वृद्धाने धोतर खोचले, शिडी लावली आणि जी माणूस पेलणार नाही म्हणून त्याने आत्ताच सांगितले होते, त्याच कैचीच्या खालच्या आडव्या तुळईवरून तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेला. तसाच परतला आणि खाली उतरून तळपाय झाडू लागला.

"ही तर पेलते की!" शेठ म्हणाले. "का मिस्त्री माणसांत मोडत नाहीत?"

वृद्ध शिष्याकडे वळला. "तू काय पाहिलंस?"

शिष्य रागाने पाहत होता. पण रागाने पाहिलेलेही दिसतेच.

"तुम्ही मधे कुठंच पाय टेकला नाहीत, बाबा. उभी लाकडं जिथं तुळईला मिळतात, त्या सांध्यांवरच पाऊल टाकलंत. उभ्या लाकडांवरचा हातही सोडला नाहीत."

"पोरा, तुझं काम चोख आहे," वृद्ध म्हणाला. "पण कौलांनी या तुळईवर कधी पाय ठेवलेला नाही. त्यांचा भार वाटला जातो, सांध्यासांध्यांतून भिंतीत उतरतो. तुळई फक्त दोन्ही बाजू फाकू देत नाही. तिच्या मधल्या अंगावर एकटा माणूस उभा राहिला, तर ती तीस मणांची पुण्याई त्याच्या कामी येत नाही. तू वजन मोजलंस, पाऊल मोजलं नाहीस. आणि शेठजींचे मेहुणे उद्या पाहुण्यांकडे बघणार, की पायाखाली?"

शेठनी एकेका मेहुण्याचा स्वभाव आठवून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. तरी हौस मोठी असते. त्यांनी शिष्यालाच पुन्हा विचारले, "तूच सांग बाबा. काय करू? पेलेल का?"

वखार अजून त्या प्रश्नाच्या टोकाला लटकत होती. शिष्याने एकवार वर पाहिले.

"छप्पर पेलेल, शेठजी. शंभर वर्षं पेलेल. मेहुणे नाही पेलणार. फुलं शिडीवरून टाकू."

शेठ म्हणाले, "सोमवारी वखारीची मापं घ्यायला ये. हत्ती बसवा म्हणणारे मला घरात चार आहेत."

वृद्धाने आपल्या कानावरची पेन्सिल काढली आणि शिष्याच्या कानावर खोचली.

घरातले एखादे माणूस साऱ्या घराचा भार मुकाट्याने वाहत असते. म्हणून कोणीही यावे आणि वाटेल तिथे त्याच्यावर उभे राहावे, असे नाही.