कासवाच्या पाठीवरची मांडणी

त्या राज्यात विणायचे दालन एकच होते आणि विणणारे अनेक. म्हणून ते दालन प्रत्येकासाठी वेगळे होई. उंबऱ्यावर बसलेले म्हातारे कासव आत येणाऱ्याला नाव विचारी. नाव ऐकले की त्याच्या पाठीवरची त्या नावाची चौकट उजळे आणि दालन बदलून जाई. खार आली की माग खाली सरके, धागे तिच्या चिमुकल्या पंजांजवळ येत. मोर आला की भिंतींवर आरसे चढत आणि दिवे मोठे होत. वटवाघळांच्या कुळातली पाकोळी आली की दिवे विझत, छताला खुंट्या फुटत आणि माग उलटा होऊन तिच्या नखांसमोर लोंबू लागे. कुणी काही हलवले, तर तो बदल त्याच्याच चौकटीत कोरला जाई. पुढच्या खेपेला दालन त्याला तसेच मिळे, आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

पाकोळी आणि तिची म्हातारी आई मिळून राज्यातले सर्वांत तलम वस्त्र विणत. पाहुणे आले की आधी त्या वस्त्रावरून बोटे फिरवत आणि मग राजाच्या पिसाऱ्याकडे वळत. राजा मोरच होता. हे त्याच्या ध्यानात आले होते.

एके सकाळी तो कासवापुढे येऊन उभा राहिला. "एका दालनाच्या इतक्या मांडण्या कशाला?" तो म्हणाला. "चांगली मांडणी एकच असते. माझी ठेव."

"मग बाकीच्यांनी नाव काय सांगायचं?" कासवाने विचारले.

"माझंच सांगायचं."

कासवाने मान आत ओढून घेतली. राजाच्या पहारेकरी मुंगसांनी दगड आणून त्याची पाठ घासली. मोराची चौकट सोडून बाकी सारी पाठ गुळगुळीत झाली.

पाकोळीच्या आईला हुकूम ठाऊक होता. तिने उंबऱ्यावर खाली मान घालून मोराचे नाव सांगितले. पण आत पाऊल टाकताच जन्मभराच्या सवयीने तिने छताकडे झेप घेतली. दिव्यांच्या झगमगाटात तिला काही दिसत नव्हते, आणि वर खुंटी उरलेली नव्हती. ती आरशाच्या कडेवर आदळली. पंख खांद्यापासून फाटला. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

पाकोळी तिला उराशी धरून मोरासमोर गेली. मोराने एक पाऊल मागे घेतले. रक्त पिसाऱ्याला लागले असते.

"उडी मारण्याआधी वर बघायचं," तो म्हणाला.

आईला पुरून पाकोळी उंबऱ्यापाशी आली आणि कासवाजवळ बसली. "आजोबा, तुमच्या पाठीवर आमचं काहीच उरलं नाही?"

"काही नाही. एकट्या मोराची चौकट आहे."

"आणि मी मोर म्हणून आत गेले, आत काही हलवलं, तर ते कुठं कोरलं जाईल?"

"त्याच चौकटीत," कासव म्हणाले. "दुसरी जागा कुठं आहे?"

"हे त्याला माहीत आहे?"

"त्यानं विचारलं नाही."

दुपारची पाळी पाकोळीची असे. त्या दुपारी तिने उंबऱ्यावर मोराचे नाव स्वच्छ आवाजात सांगितले, आत गेली आणि एका दिव्याची वात केसभर खाली ओढली. दुसरे काही केले नाही. मग रोज एक वात, रोज केसभर. कधी एखाद्या आरशाचे तोंड जरासे भिंतीकडे. सकाळी मोर येई आणि त्याला आदल्या दिवसाहून किंचित मंद असे दालन मिळे. फरक इतका थोडा असे, की दालनाचा संशय यावा असे काही नव्हते. संशय आला तो डोळ्यांचा.

खारीच्या मात्र सारे लक्षात आले. "आम्हालाही अंधारात चाचपडावं लागतंय," ती म्हणाली. "माझं बोट मागात सापडलं. आता थांब."

"तुझी आई जिवंत आहे ना?" पाकोळीने विचारले. खार निघून गेली. तिने कुणाला सांगितले नाही, आणि पाकोळीशी ती पुन्हा बोललीही नाही.

मोराने वैद्याला बोलावले नाही. दिसत नसलेला राजा कुणाला चालणार? तो पिंजल्या पिसांनी अंधाऱ्या आरशांसमोर उभा राही आणि स्वतःला शोधी. अखेरीस त्याने पाकोळीलाच बोलावून घेतले. आवाज खाली आणून तो म्हणाला, "तू अंधारात कशी वावरतेस, ते मला शिकव."

पाकोळी त्याच्याजवळ सरकली. "डोळे मिटायचे, महाराज. उघडे ठेवले की फसवतात."

"पण बाहेर, उन्हात, मला अजून दिसतं."

"दिसत नाही, महाराज. आठवतं. माझ्या आईचंही शेवटी असंच झालं होतं."

मोराने डोळे मिटले.

तेव्हापासून तो पाकोळीच्या पंखाची कड चोचीत धरून चालू लागला. ती त्याला मुद्दाम भर दुपारी अंगणात नेई. उन्हाने तिचे डोळे जळत, त्यांतून पाणी वाही, पुढचे काही दिसेनासे होई. तरी ती सावलीला जात नसे.

अशाच एका दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, मोर मध्येच थांबला. त्याने पंखाची कड सोडली आणि घट्ट मिटल्या डोळ्यांनी संपूर्ण पिसारा उभारला. अंगणभर निळे-हिरवे ऊन सांडले.

"खरं सांग," तो म्हणाला. "रंग कसे दिसताहेत?"

पाकोळीने त्याच्याकडे तोंड वळवले. पापण्या ताणून तिने पाहण्याचा प्रयत्न केला.

"काळे," ती म्हणाली.

मोराने हळूहळू पिसारा मिटला आणि चोचीने तिचा पंख शोधू लागला.